हुक्केरी मॅडम आणि नकाशातला ओढा

हुक्केरी मॅडम साडीखाली गमबूट घालत. पुरुषांचे, काळे, गुडघ्यापर्यंत येणारे. वर इरकल साडी, तिचे काठ कमरेला खोचलेले, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत काचेच्या बाटल्यांचा किणकिणाट. वर्गावर येताना मात्र साध्या चपला असत. त्यांच्या खोलीच्या दाराशी एका जुन्या वर्तमानपत्रावर ते बूट उभे असायचे. बूट जागेवर नसले की मॅडम कुठल्या तरी तळ्यावर गेल्यात, हे सगळ्या विभागाला न विचारता कळायचं.

मी त्यांच्याकडे दोन वर्षं शिकले. विषय होता पर्यावरण आणि नैसर्गिक संसाधन व्यवस्थापन. नाव इतकं लांब, की बाबा ऑफिसात कुणाला सांगायला लागले की अर्ध्यावरच दमत आणि 'एन्व्हायर्न्मेंट' एवढंच म्हणून सुटका करून घेत. बाबा सरकारी संशोधन संस्थेत इंजिनिअर. लग्न झाल्यावर पुण्याहून बेंगळुरूला आले ते इथलेच झाले. राजाजीनगरात आमचं घर, घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. माझा जन्म इथला, शाळा इथली. तरी प्रवेशाच्या मुलाखतीत मी घाबरून कन्नड बोलताना अडखळले, तशी टेबलापलीकडच्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं.

"मराठी काय?"

"हो."

"मग सांग की मराठीत. मी निपाणीकडची. आमच्यात देवाचं सगळं कन्नडात आणि भांडण मराठीत." बाकीचे दोन प्राध्यापक हसले. मॅडम हसल्या नाहीत. "नाव काय तुझं, अश्विनी? हे शिकून काय करणारायस?"

मी पाठ करून आलेलं उत्तर दिलं. शाश्वत विकास, पुढच्या पिढ्या वगैरे. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या घरचं सांडपाणी कुठं जातं?"

मला माहीत नव्हतं. एकवीस वर्षं त्या घरात राहत होते, आणि मला माहीत नव्हतं. "बघून ये," त्या म्हणाल्या. प्रवेश मिळाला.

त्या शिकवत त्याला शिकवणं म्हणावं की नाही, असा आम्हाला पहिलं सत्रभर प्रश्न होता. तळ्यावर गेलो की मीटर पिशवीतून काढायचं नाही, हा नियम. आधी नाक. बाटलीत पाणी भरायचं, बूच लावायचं, हलवायचं, बूच काढून वास घ्यायचा आणि वहीत लिहायचा. 'घाण वास' असं लिहिलेलं चालत नसे. "घाण म्हणजे? साबणाची, संडासाची, का नासलेल्या इडलीच्या पिठाची? तीन वेगळ्या गोष्टी आहेत, तीन वेगळ्या जागनं येतात." आमच्यातल्या एकाला पहिल्याच दिवशी तळ्याच्या बांधावर उलटी झाली. मॅडमनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, तोंड धुवायला स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं आणि म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. आता परत घे वास."

जर्नल तपासताना त्या लाल पेन वापरत नसत, पेन्सिल वापरत. संशय आलेल्या पानावर समासात बारीक अक्षरात एकच प्रश्न असे: 'गेला होतास?' किंवा 'गेली होतीस?' त्या प्रश्नाला खोटं उत्तर देण्याची कुणाची छाती नव्हती. विभागात त्यांना लोक टरकून असत, आणि त्यांच्यापासून थोडे लांबही असत. पर्यावरण दिनाला कुलगुरूंच्या हस्ते वृक्षारोपण व्हायचं. एका वर्षी मॅडमनी फोटोच्या वेळी सगळ्यांसमोर माळ्याला विचारलं, "मागच्या वर्षीचा खड्डा पण हाच की?" माळी खरं बोलला. त्यानंतर त्यांना त्या कार्यक्रमाची पत्रिका येईनाशी झाली. त्यांनाही त्याचं काही वाटलं असं दिसलं नाही. लग्न त्यांनी केलं नव्हतं. हेब्बाळला भाड्याच्या दोन खोल्या होत्या, तिथं त्या आणि त्यांची म्हातारी आई. डब्यात रोज भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि एक कांदा. कांदा त्या टेबलावर बुक्की मारून फोडत, तो आवाज शेजारच्या वर्गात ऐकू येई.

पहिल्या सत्रात त्यांनी आम्हाला एक जुना अहवाल वाटला. कुठल्यातरी मोठ्या गृहप्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल, याचा. झेरॉक्सची झेरॉक्स असावी, अक्षरं पुसट झाली होती. मुखपृष्ठ नव्हतं, शेवटचं पान नव्हतं, जिथं जिथं गावाचं नाव होतं तिथं पांढरी पट्टी चिकटवलेली होती.

"ह्यात एक लबाडी आहे," मॅडम म्हणाल्या. "शोधून आणा. कितीही दिवस घ्या."

आम्ही तुटून पडलो. कुणी पाण्याचे आकडे तपासले, कुणी झाडांच्या यादीतली लॅटिन नावं, कुणी बेरजा. कुणाला काही सापडेना. आकडे बरोबर होते, पद्धत बरोबर होती, भाषासुद्धा नेटकी होती. माझ्या बाकावर शरणू बसायचा, शरणबसवा, कलबुर्गीकडचा, कमी बोलणारा मुलगा. तिसऱ्या आठवड्यात त्यानं एका वाक्यावर बोट ठेवलं. प्रकल्पाच्या जागेतून एक कोरडा चर जातो, पाहणीच्या वेळी त्यात पाणी नव्हतं, सबब तो बुजवून वरून रस्ता काढण्यास हरकत नाही, असं ते वाक्य होतं.

"पाहणी कधी केली ते लिहिलेलं नाही," शरणू म्हणाला.

आम्ही पुन्हा सगळं चाळलं. झाडांच्या यादीपुढे कुठं कुठं 'फुलोऱ्यात' असं लिहिलं होतं. पळस फुलोऱ्यात, करंजाला कोवळी पालवी. म्हणजे मार्च. पावसाळ्यात ज्या ओढ्यातून दोन तळ्यांचं पाणी वाहतं, तो ओढा मार्चमधे जाऊन बघितला आणि कोरडा चर म्हणून लिहून टाकला. एकही वाक्य खोटं नव्हतं.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्या खिडकीपाशी उभ्या होत्या. "शरणूनं काढलं?" त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, "लबाडी करायला आकडे बदलायला लागत नाहीत. महिना निवडला की झालं." अहवाल कुणी लिहिला, तो प्रकल्प कुठला, असं आमच्यातल्या कुणीतरी विचारलं. त्या ऐकलं नाही असं दाखवून वर्गाबाहेर गेल्या.

दुसऱ्या वर्षी क्षेत्रपाहणीला त्यांनी आम्हाला महादेवपुऱ्याच्या बाजूला नेलं. तिथं आयटी पार्कच्या मागं सीगेकेरे नावाचं एक तळं आहे, म्हणजे तळ्याचं जे उरलंय ते. त्या तळ्यातून निघून खालच्या तळ्यात जाणारा ओढा, ज्याला इथं राजकालुवे म्हणतात, तो आम्ही चालत चालत मोजत गेलो. एका मोठ्या अपार्टमेंटच्या कुंपणाशी तो दिसेनासा झाला. जिथं तो असायला हवा होता, तिथं फरशीचा रस्ता होता आणि रस्त्याखाली एक पाइप. मॅडम म्हणाल्या, "आता माणसं मोजायची. ओढ्याच्या दोन्ही अंगाला कोण राहतं, प्रत्येक घराचा फॉर्म भरा."

त्या बिल्डिंगच्या बेसमेंटमधे, गाड्यांच्या मागं, पंपाच्या खोलीला लागून एक खोली होती. तिथं वॉचमन राहत होता. हणमंतप्पा, यादगीरकडचा, चाळिशीचा, उंच आणि किडकिडीत. त्याची बायको यल्लम्मा, मुलगी भाग्या. हा फॉर्म माझ्या वाट्याला आला. नाव, वय, गाव, किती वर्षं इथं, पाणी कुठून आणता, सगळं मी माझ्या अक्षरात लिहिलं. भाग्या आठ वर्षांची होती. यल्लम्मानं आम्हाला चहा दिला आणि घराला खिडकी नाही म्हणून ती पुन्हा पुन्हा ओशाळून हसत राहिली.

भाग्याला आमच्या बाटल्यांचं फार आकर्षण. मॅडमनी तिला एक बाटली हुंगायला दिली. आम्ही तळ्याच्या खालच्या अंगाला भरलेली. तिनं नाक लावलं आणि लगेच म्हणाली, "हा आमच्या भिंतीचा वास आहे."

"कुठल्या भिंतीचा?"

तिनं मॅडमचा हात धरून नेलं. पलंगामागं, कपड्यांच्या दोरीच्या पाठीमागं, भिंतीला माणसाच्या उंचीएवढा ओला डाग होता. मॅडमनी तळवा टेकवला. बराच वेळ तसाच ठेवला. मग नाकाशी नेला.

"कधीपास्नं ओल आहे?" त्यांनी हणमंतप्पाला त्यांच्या उत्तरेकडच्या कन्नडमधे विचारलं.

"आलो तेव्हापासनं, अक्का. पावसाळ्यात वाढते. साहेब म्हणाले, रंग देऊ."

"भिंतीपलीकडं काय आहे माहीत आहे?"

"माती," हणमंतप्पा म्हणाला.

परत येताना बसमधे मी त्यांच्या शेजारी बसले होते. बाकी पोरं मागं गाणी म्हणत होती. मॅडम खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "तो तुम्हाला दिलेला अहवाल ह्याच जागेचा."

मला वाटलंच होतं. "कुणी लिहिला होता, मॅडम?"

"मी."

बस सिग्नलला थांबली होती. त्या पुढं बोलल्या ते अगदी वर्गात बोलतात तसं. तेव्हा त्या विभागात कंत्राटावर होत्या. त्यांच्या गुरूंकडे हे काम आलं होतं. ते म्हणाले, शैलजा, तू मार्चमधेच जाऊन ये, पटकन होऊन जाईल. मॅडमना कळलं होतं मार्च का ते. त्या वर्षी नोकरी कायम व्हायची होती, वडील नुकतेच गेले होते, आईला इकडे आणायचं होतं. "गेले. बघितलं, लिहिलं, सही केली. जूनमधे एकदा परत जाऊन बघावं असं वाटलं होतं. गेले नाही. जूनमधे ऑर्डर हातात आली होती."

"पण तुम्ही दर वर्षी मुलांना..."

"देते की. काय करू दुसरं? बिल्डिंग तर उभी आहे. निदान तुम्हाला तरी मार्च ओळखता यावा." मग थोड्या वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखं, "माती म्हणतोय. ओढा आहे पलीकडं. पाइप बुजला तर त्याला जायला दुसरी जागाच नाही."

त्या आठवड्यापासून त्या पत्रं लिहायला लागल्या. अपार्टमेंटच्या सोसायटीला, महानगरपालिकेला, वॉर्ड ऑफिसला. त्या खोलीत माणसं ठेवू नका, भिंत तपासा, पाइप मोठा करा. प्रत्येक पत्राची प्रत विभागातल्या फायलीत. सोसायटीचं एकदाच उत्तर आलं: आमच्या बेसमेंटमधे कोणीही वास्तव्यास नाही. मॅडमनी ते उत्तर वर्गात वाचून दाखवलं आणि घडी घालून ठेवलं. त्या स्वतः जाऊन हणमंतप्पाला सांगून आल्या, दुसरी जागा बघ. तो म्हणाला, अक्का, ह्या पगारात खोली कुठं मिळणार? इथं निदान पोरीची शाळा जवळ आहे.

मी पास झाले. महादेवपुऱ्यातच एका सल्लागार कंपनीत लागले. मोठमोठ्या प्रकल्पांचे पर्यावरण अहवाल करणारी कंपनी. मॅडमना सांगायला पेढे घेऊन गेले तेव्हा त्यांनी एक पेढा मोडून अर्धा घेतला. "चांगलं काम पण असतं त्यात," त्या म्हणाल्या. "करणाऱ्यावर आहे." एवढंच.

त्यानंतर दोन वर्षांनी, सप्टेंबरमधे, तीन दिवस पाऊस थांबला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला सीगेकेरेचा बांध काठोकाठ भरला, पाइपच्या तोंडाशी कचरा अडकला आणि ओढा आपल्या जुन्या वाटेनं गेला. बेसमेंटची ती भिंत आत कोसळली. हणमंतप्पा वर गेटवर होता, लोकांच्या गाड्या बाहेर काढायला मदत करत होता. भाग्या शाळेतून नुकतीच आली होती. यल्लम्मा तिला जेवायला वाढत होती. खोलीचं दार आत उघडणारं होतं, पाण्याच्या दाबानं ते उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी बातमी फोनवर वाचली. बातमीत नावं नव्हती, 'वॉचमनची पत्नी व मुलगी' असं होतं. भाग्या तेव्हा अकरा वर्षांची असणार, हा हिशेब मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून केला.

सरकारी रुग्णालयाच्या शवागारापुढं मी पोचले तर मॅडम आधीच आलेल्या होत्या. बूट चिखलानं भरलेले, साडी गुडघ्यापर्यंत ओली. सकाळपासून तिथं होत्या. हणमंतप्पा भिंतीला टेकून बसला होता. त्याला एका कागदावर अंगठा द्यायचा होता, पण त्याच्याकडे बायकोचा आणि मुलीचा कुठलाच कागद उरला नव्हता. सगळं त्या खोलीत होतं. कारकून पुन्हा पुन्हा विचारत होता, ही तुझी बायको कशावरून? मॅडम प्रत्येक वेळी मधे पडून सांगत होत्या, मी ओळखते. कारकून म्हणाला, "तुम्ही कोण, अम्मा? नातेवाईक?"

"नाही," त्या म्हणाल्या. "नातेवाईक नाही."

त्या संध्याकाळी हणमंतप्पाला रिक्षात बसवताना त्यांनी त्याच्यापुढं हात जोडले आणि त्याला सगळं सांगितलं. अहवाल, मार्च, सही. मी शेजारी उभी होते. त्यानं ऐकलं. तो चिडला नाही, रडला नाही. बहुतेक त्याला त्यातलं अर्धंच कळलं. तो म्हणाला, "अक्का, तुम्ही शिकलेल्या आहात. सोसायटीवाले म्हणतायत आम्ही तिथं राहतच नव्हतो. ते तेवढं लिहून द्या, की आम्ही राहत होतो."

मॅडमना शिक्षा हवी होती. माझी आजही तीच समजूत आहे. त्या माणसानं त्यांना एक काम दिलं.

चौकशी समिती बसली. वॉर्ड ऑफिसातल्या एका लांब खोलीत, पंख्याखाली पाच माणसं. आमच्या कंपनीनं मला तिथं टिपणं घ्यायला पाठवलं होतं, कारण त्या बिल्डरचं दुसरं एक काम आमच्याकडे होतं. मी शेवटच्या रांगेत बसले होते. मॅडमनी हातात तो अहवाल आणला होता. या वेळी मुखपृष्ठासकट, शेवटच्या पानासकट. त्या उभ्या राहिल्या आणि कन्नडमधे, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "हा अहवाल माझा आहे. ह्यात ओढ्याला चर म्हटलंय. मला तो ओढा आहे हे माहीत होतं. ही माझी सही."

मग अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, हे फार जुनं आहे. आपला विषय देखभालीतली त्रुटी आहे. पाइपमधे कचरा कसा अडकला, एवढाच."

"कचऱ्याचा दोष नाही," मॅडम म्हणाल्या. "ओढ्यात पाइप घालायची परवानगी ह्या पानावर मिळाली. हे पान माझं आहे. लिहून घ्या."

"तुमच्या भावना आम्ही समजू शकतो."

"भावना नाही. जबाब आहे."

अध्यक्षांनी लेखनिकाकडे बघितलं. लेखनिकानं पेन खाली ठेवलं होतं. बिल्डरचे वकील उठून अगदी आदरानं म्हणाले, मॅडम निवृत्तीच्या जवळ आहेत, त्यांची तब्येतही ठीक नाही असं कळतं. तब्येत त्यांची ठणठणीत होती. मॅडम उभ्याच राहिल्या. शेवटी शिपायानं त्यांच्यासाठी खुर्ची पुढं सरकवली. माझ्यापुढं वही उघडी होती. त्यात मी त्यांचं बोलणं शब्द न शब्द लिहिलं होतं, आणि ऑफिसला गेल्यावर साहेबांनी ते पान वाचून म्हटलं, एवढं तपशिलात कशाला, थोडक्यात लिही.

त्याच आठवड्यात मॅडमचा फोन आला. "अश्विनी, तू भरलेला फॉर्म सापडला. हणमंतप्पाच्या घरचा. तिघांची नावं आहेत, वयं आहेत, खोलीचा नकाशापण काढलायस. खाली तुझी सही आहे. हा मी भरला, एवढं प्रतिज्ञापत्र दिलंस तर ते तिथं राहत होते हे सिद्ध होतंय."

मी म्हटलं, "ऑफिसात विचारून सांगते, मॅडम."

"सरी. विचार."

मी विचारलं. साहेब म्हणाले, तुझा वैयक्तिक प्रश्न आहे, आम्ही कसं अडवणार, फक्त आपल्या क्लाएंटच्या विरुद्ध जातंय एवढं लक्षात ठेव. मी लक्षात ठेवलं. घरी आईला सांगितलं, बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, तुझ्या मनाला विचार. मी मनाला विचारत राहिले. रोज सकाळी वाटे, आज फोन करू. अकराव्या दिवशी केला.

"झालं ते," मॅडम म्हणाल्या. "शरणूनं दिलं. त्या दिवशी तो तुझ्याबरोबर खोलीत होता, त्यानं बघितलं होतं तुला फॉर्म भरताना. रजा टाकून कलबुर्गीहून आला, देऊन गेला."

"मॅडम, मी देणारच होते."

"असू दे की. तू काम कर." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

शरणूच्या कागदावर हणमंतप्पाला सरकारी मदत मिळाली. यल्लम्मा आणि भाग्या तिथं राहत होत्या, हे निदान सरकारनं मान्य केलं. बिल्डरवरचा खटला पुढच्या तारखांवर जात राहिला आणि कधीतरी वर्तमानपत्रातूनही गेला. अहवालाचा उल्लेख चौकशीच्या निष्कर्षात कुठंही आला नाही. मॅडमना मात्र विद्यापीठानं नोटीस दिली. ती खोट्या अहवालाबद्दल नव्हती. परवानगीशिवाय विद्यापीठाची कागदपत्रं बाहेर नेल्याबद्दल होती. त्यांनी नोटिशीला दोन ओळींचं उत्तर दिलं: आरोप खरा आहे. अहवाल खोटा होता हाही आरोप ठेवावा, ही विनंती. त्या विनंतीला उत्तर आलं नाही. निवृत्त झाल्या तेव्हा निरोप समारंभ झाला नाही. शरणूनं फोनवर सांगितलं, की त्या नेहमीसारख्या साडेपाचला खोलीला कुलूप लावून किल्ली ऑफिसात देऊन गेल्या. त्यांची आई त्याआधीच गेली होती.

मी कधी त्यांच्या घरी गेले नाही. जायचं ठरवायची आणि काहीतरी काम निघायचं.

गेल्या फेब्रुवारीत हेब्बाळला एका क्लाएंटकडे मीटिंग होती. दुपारची वेळ. कंपनीची गाडी होती, आम्ही चौघं होतो, मी मागं डाव्या खिडकीशी. नव्याच झालेल्या एका मोठ्या संकुलाच्या गेटपाशी गाडी थांबली. गेटच्या आत भिंतीच्या सावलीत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. एकीवर हुक्केरी मॅडम बसल्या होत्या. केस पूर्ण पांढरे झालेले. दुसऱ्या खुर्चीवर निळ्या गणवेशात हणमंतप्पा, मांडीवर शाळेची दुरेघी वही. गावाकडं गेला होता असं मी ऐकलं होतं, परत कधी आला ते माहीत नव्हतं. तो वहीवर पार वाकला होता. खाली मान घालून पहिलीतल्या मुलासारखं दाबून काहीतरी लिहीत होता, आणि मॅडम वहीकडे न बघता रस्त्याकडे बघत, तो लिहून होण्याची वाट बघत होत्या.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. हणमंतप्पा दचकून उठला. वही खुर्चीवर ठेवली, पेन्सिल मॅडमच्या हातात दिली आणि धावत येऊन गेट ओढलं. गाडी आत आली तेव्हा त्यानं सलाम केला. गाडी सावकाश त्या खुर्च्यांशेजारून गेली, इतक्या जवळून की मला उघडं पान दिसलं. दुरेघी ओळींमधे कन्नडमधलं एकच नाव वरपासून खालपर्यंत लिहिलेलं होतं. भाग्या. वरच्या ओळींमधे वाकडं, खाली खाली सरळ होत आलेलं.

मॅडमनी गाडीकडे मान वळवली. गाडीच्या काचा काळ्या होत्या. मला त्या स्पष्ट दिसत होत्या, त्यांना मी दिसत नव्हते. माझं बोट काचेच्या बटणावर होतं.

"अश्विनी, प्रेझेंटेशन तुझ्या लॅपटॉपवर आहे ना?" पुढून साहेबांनी विचारलं.

"हो, आहे," मी म्हटलं.

गाडी उतारावरून बेसमेंटमधे गेली.